जुनी गाडी घाटात गरम होते तेव्हा : रेडिएटरचे होज पाइप तपासण्याची रीत

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना माझ्या १९८० सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या तापमानाचा काटा ठरावीक वळणावर उजवीकडे झुकू लागे आणि वर सपाटीला गाडी उभी करून बॉनेट उघडेपर्यंत सगळे काही ठाकठीक दिसे. पोवई नाक्यावरच्या गर्दीत ती कधी गरम झाली नाही, गावात दिवसभर हिंडली तरी झाली नाही. तीन महिन्यांत रेडिएटर उघडून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच उघडणारी झडप) बदलला, एका गॅरेजमध्ये तर पाण्याचा पंपही नवा बसवला, आणि दोष शेवटी सापडला तो दीड वितीच्या एका रबरी पाइपात. तो पाइप बाहेरून काळा, गुळगुळीत आणि निरोगी दिसत होता. होज पाइप आतून खराब होतो, आणि त्याचा दोष बहुधा इंजिन तापलेले व वेगात असतानाच प्रकट होतो. उभ्या, थंड गाडीत तो पाहून निकाल देणे म्हणजे झोपलेल्या माणसाचा दम मोजण्यासारखे आहे. म्हणून पुढची तपासणी थंड, तापलेल्या आणि रेस केलेल्या अशा तिन्ही अवस्थांत करावयाची आहे.

पद्मिनी असो वा अँबॅसडर, पाण्याचा मार्ग साधारण सारखाच असतो. पंखा ज्या दांड्यावर फिरतो त्याच दांड्यावरचा पंप रेडिएटरच्या खालच्या टाकीतले गार झालेले पाणी खालच्या होजमधून ओढून घेतो आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. ते पाणी सिलिंडरांभोवती व हेडमध्ये (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागात) तापते, थर्मोस्टॅट उघडला की वरच्या होजमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते आणि जाळीतून खाली उतरताना वाऱ्याने गार होते. यावरून एक गोष्ट मनात पक्की करावी : वरच्या होजमधले पाणी ढकललेले असते, खालच्या होजमधले ओढलेले असते. त्यामुळे वरचा होज फुगतो, फाटतो, गळतो. खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो. काही गाड्यांत यांशिवाय हीटरचे दोन बारीक होज असतात, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरते राहावे म्हणून बोटभर लांबीचा बायपास होज असतो. तो पंपाच्या आडोशाला दडलेला असल्याने वर्षानुवर्षे कोणी त्याच्याकडे पाहत नाही.

आपल्या भागापुरते आणखी एक ध्यानात घेण्यासारखे आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना नव्हे, तर साधारण साडेसत्याण्णव अंशांनाच उकळते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर. तिथे ते साडेपंच्याण्णवच्या आसपासच उकळते. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की ही मर्यादा वर जाते. झाकण ७ पौंडांचे, म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे, असेल तर साताऱ्यात पाणी १०९ अंशांच्या आसपास उकळेल. एखाद्या होजच्या क्लिपपाशी केसाएवढी फट असली तरी हा दाब टिकत नाही, आणि मग जी गाडी मुंबईत निभावून नेत होती ती पसरणीच्या घाटात वाफा सोडू लागते. गळती थेंबभर आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये ते यासाठीच. गेलेले पाणी परत भरता येते, पण निघून गेलेल्या दाबाला दुसरी सोय नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली असलेले पाणी झाकण सैल होताच एकदम उकळते आणि हातावर व तोंडावर येते. असे भाजणे फार खोल असते. निदान पाऊण ते एक तास थांबावे, वरचा होज हाताने दाबून पाहावा, तो सहज दबत असेल आणि हाताला कोमट लागत असेल तरच जाड फडके झाकणावर धरून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, उरलेली वाफ जाऊ द्यावी आणि मगच काढावे. चालू इंजिनापाशी वाकताना ओढणी, मफलर, सैल बाही पंख्याजवळ येणार नाही याची खबरदारी घ्यावी. कूलंट (गंज रोखण्यासाठी रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे द्रव) चवीला गोड आणि विषारी असते. काढलेले कूलंट परातीत उघडे ठेवले तर कुत्री-मांजरे ते पितात व दगावतात, म्हणून ते लगेच झाकणाच्या डब्यात भरून मुलांच्याही हाती लागणार नाही असे ठेवावे.

गाडी नेमकी कधी गरम होते?

पाना हातात घेण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात. गाडी गर्दीत उभी असताना तापते आणि रस्त्याला लागल्यावर निवते, असे असेल तर संशय पंख्यावर, पंख्याच्या ढिल्या पट्ट्यावर किंवा जाळीत अडकलेल्या किडे-कचऱ्यावर घ्यावा. होज तिथे क्वचितच दोषी असतो. गावात ठीक, पण चढावर किंवा महामार्गावर सलग वेगात तापते, असे असेल तर पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे असे समजावे, आणि मग खालचा होज, चोंदलेला रेडिएटर व झिजलेला पंप हे तीन संशयित उरतात. थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच काटा चढत असेल तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंदच अडकला आहे किंवा आत हवा कोंडली आहे. माझी गाडी सरळसरळ दुसऱ्या प्रकारातली होती. मी हा विचार पहिल्याच दिवशी केला असता तर पंप बदलण्याचा खर्च वाचला असता.

थंड इंजिनावरची तपासणी

ही तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर करावी. आदल्या रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. कागदावर पडलेला डाग कोणत्या भागाच्या खाली आहे ते पाहून गळतीची जागा जवळजवळ अर्धी सापडते. काही गळत्या फक्त थंडपणीच होतात, कारण रात्री धातू आणि रबर आकसतात आणि क्लिपची पकड तेवढ्यापुरती सैल पडते. उलट तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जागीच वाळून जातो, त्यामुळे कागद कोरडा राहिला तरी समाधान मानू नये. क्लिपच्या कडेने पांढरी, हिरवी किंवा तांबूस खपली जमलेली दिसली की तिथे पाणी झिरपून वाळते आहे हे निश्चित. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या गाडीत ही खपली चुन्यासारखी पांढरी आणि जाड असते.

त्यानंतर प्रत्येक होज अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून इंचाइंचाने दाबत जावे. चांगला होज दाबल्यावर प्रतिकार करतो आणि सोडताच मूळ आकारात येतो. दाबताना आतून करकर असा बारीक आवाज आला तर रबर तापून कडक झाले आहे आणि त्याला आत भेगा पडल्या आहेत. दाबल्यावर तो भिजलेल्या भाकरीसारखा मऊ लागला तर रबर सडले आहे. सर्वांत महत्त्वाची तुलना टोके आणि मधला भाग यांच्यात करावी. कूलंट, धातूचे तोंड आणि रबर यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाहासारखी रासायनिक क्रिया चालते आणि तिने होज टोकांपाशी, क्लिपच्या अलीकडे एक-दोन इंचांत, आतून चिरत जातो. मधला भाग मात्र ठणठणीत राहतो. म्हणून मध्यभागी एकदा दाबून ‘पाइप चांगला आहे’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

होजवर तेलाचा ओशट थर असेल तर तो पुसून त्याखालचे रबर पाहावे. होजसाठी वापरले जाणारे चांगले रबर उष्णता आणि कूलंट सहन करते, पण खनिज तेल त्याला सोसत नाही. ते फुगते आणि लिबलिबीत होते. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरमधून तेल गळत असेल तर आधी त्याचे गॅस्केट (सांध्यातली पट्टी) बदलावे, नाहीतर नवा होजही तसाच जाईल. वाकणाच्या आतल्या बाजूला घडी पडली आहे का, पाइप बॅटरीच्या पट्टीला किंवा पंख्याच्या पट्ट्याला घासतो आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यात पुष्कळांची फसगत होते. सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होज चपटा झालेला आढळला तर दोष होजचा नसून झाकणाचा असतो. गाडी निवताना आतले पाणी आकसते आणि झाकणातली छोटी झडप उघडून बाहेरची हवा किंवा बाटलीतले पाणी आत घेते. ती झडप गंजून चिकटली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबली की आत निर्वात पोकळी होते आणि होज पिचतो. झाकण उघडताच ‘फस्’ करून हवा आत गेली व होज गोल झाला तर निदान पक्के झाले. झाकण बदलावे, त्यावर छापलेला दाबाचा आकडा मूळ झाकणाएवढाच असावा, जास्त आकड्याचे झाकण लावून जुन्या सोल्डरच्या रेडिएटरवर भार टाकू नये.

तापलेल्या इंजिनावर हात काय सांगतो

आता गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटे स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू द्यावी. सुरुवातीला वरचा होज गारच राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की अर्ध्या-एक मिनिटात एकदम तापतो. जाड हातमोजा घालून किंवा लांबून तापमान मोजणाऱ्या छोट्या यंत्राने दोन्ही होजचे तापमान पाहावे. यंत्र असेल तर रबराच्या काळ्या पृष्ठभागावर मोजावे. चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर त्याचे आकडे चुकतात.

वरचा होज चांगला गरम आणि खालचा त्याहून स्पष्टपणे कमी, पण कोमटाच्या वर, असे असेल तर प्रवाह आणि थंडावा दोन्ही ठीक आहेत. काटा वर गेलेला असूनही वरचा होज गार असेल तर पाणी इंजिनातून बाहेरच पडत नाही : थर्मोस्टॅट, कोंडलेली हवा किंवा पंप यांच्याकडे जावे. वरचा होज कढत आणि खालचा जवळजवळ गार असेल तर रेडिएटरमधून पाणी उतरत नाही, म्हणजे तो चोंदला आहे किंवा कुठला तरी होज आतून बंद झाला आहे. आणि दोन्ही होज सारखेच कढत असतील तर पाणी व्यवस्थित फिरते आहे पण गार होत नाही. तिथे पंखा, जाळी आणि पंख्याभोवतीचे कडे तपासावे.

थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात, पाणी कोमट होण्याच्या आतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर आतला दाब जळलेल्या पेट्रोलच्या वायूचा आहे आणि हेड गॅस्केट (हेड व ब्लॉक यांच्या सांध्यातली पट्टी) उडाले आहे. झाकण काढून थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तर त्याला पुष्टी मिळते. अशा गाडीत कितीही चांगला होज बसवला तरी तो उडणारच. आधी हेड उतरवावे लागेल.

खालच्या होजची खरी परीक्षा

माझ्या गाडीचे निदान ज्या तपासणीने झाले ती फार सोपी आहे, तिला फक्त दुसरा माणूस लागतो. इंजिन पुरते तापलेले असावे, झाकण बंद असावे. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा आणि दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभे राहून, पंख्यापासून लांब, हातातल्या टॉर्चचा उजेड खालच्या होजवर धरावा. जुन्या गाड्यांत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नसतो, म्हणून अंदाजासाठी चौथ्या गियरमध्ये ताशी साठ किलोमीटरला इंजिनाचा जो आवाज येतो त्या आवाजापर्यंत गाडी रेस करावी आणि तिथे पंधरा-वीस सेकंद धरून ठेवावी.

माझा पुतण्या आत बसला होता. पहिले काही क्षण काहीच झाले नाही. आवाज चढत गेला तसा होजच्या वाकणावर आतल्या बाजूला आधी एक खळगा पडला, गालाला खळी पडावी तेवढा. मग तो खळगा लांबत गेला आणि पाहता पाहता दोन बोटे जाडीचा पाइप पट्टीसारखा चपटा झाला. “काका, सोडू का आता?” असे त्याने आतून विचारले, मी हो म्हणालो, आणि ॲक्सिलरेटर सुटताच पाइप डोळ्यांदेखत पुन्हा गोल झाला. घाट चढून बॉनेट उघडेपर्यंत सगळे ठाकठीक का दिसत होते याचे उत्तर त्या दोन सेकंदांत मिळाले. तीन गॅरेजांत तीन जाणत्या माणसांनी ती गाडी पाहिली होती, पण प्रत्येकाने ती स्लोवर चालू ठेवूनच पाहिली होती.

होज चपटा होताना दिसला तरी लगेच दुकानाकडे धाव घेऊ नये, कारण चपटा होणे हे कधी दोष असते आणि कधी लक्षण. पंपाची ओढ जास्त असते तेव्हा होजला गोल ठेवणाऱ्या तीन गोष्टी असतात : रबराचा स्वतःचा ताठपणा, काही होजमध्ये आत बसवलेली तारेची स्प्रिंग आणि झाकणाने धरलेला आतला दाब. झाकण दाब धरत नसेल तर बऱ्यापैकी होजही पिचतो. रेडिएटर चोंदलेला असेल तर पंपाला पाणी पुरत नाही, ओढ वाढते आणि नवा कोरा होजही आत ओढला जातो. म्हणून आधी खात्रीचे झाकण लावून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. होज तरीही पिचत असेल तर तो काढावा, आणि काढलाच आहे तर रेडिएटरच्या वरच्या तोंडातून बादलीभर पाणी एकदम ओतून ते खालच्या तोंडातून धो धो बाहेर येते की करंगळीएवढ्या धारेने, हे पाहावे. बारीक धार आली तर रेडिएटरचे काम करणाऱ्याकडे देऊन त्याच्या नळ्या साफ करून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

होज काढणे आणि त्याच्या आत पाहणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी पसरट भांड्यात घ्यावे. तोटी गाळाने बंद असेल तर बारीक तार घालून मोकळी करावी. क्लिप सैल करून मागे सरकवावी. इथे घाई झाली की मोठे नुकसान होते : वर्षानुवर्षे बसलेला होज तोंडाला चिकटून बसलेला असतो, आणि तो पिळून ओढला तर पितळी रेडिएटरच्या तोंडाचे सोल्डर निघते. नाहीतरी तो होज टाकायचाच आहे, म्हणून धारदार ब्लेडने त्याला लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि साल सोलावी तसा तो सोडवावा. चीर देताना ब्लेड धातूवर ओरखडा उठवणार नाही इतपतच दाबावे. त्या ओरखड्यातूनच पुढे पाणी झिरपते.

काढलेला होज फेकण्यापूर्वी उभा चिरून उघडून पाहावा. माझ्या होजमधली स्प्रिंग गंजून तिचे तीन तुकडे झाले होते आणि ते तिन्ही तुकडे वाकणाच्या तळाशी लाल चिखलात पडलेले होते. वरचा अर्धा पाइप निराधार झाला होता. काही होजमध्ये आतल्या रबराचा पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबतो आणि प्रवाह वाढला की झडपेसारखा आडवा येतो. हा दोष बाहेरून दाबून कळत नाही आणि रेस करूनही दिसत नाही, कारण बाहेरचा आकार गोलच राहतो. वरचा होज कढत, खालचा गार, रेडिएटर मात्र मोकळा, असे कोडे पडले असेल तर या पापुद्र्याची आठवण ठेवावी. रबराचे सुटे तुकडे आढळले तर ते रेडिएटरच्या वरच्या टाकीत गेले असण्याचा संभव असतो; खालच्या तोंडातून बागेच्या नळीने उलटे पाणी सोडून ते बाहेर काढावेत.

त्यानंतर धातूची तोंडे बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून स्वच्छ करावीत. ॲल्युमिनियमच्या तोंडाला खड्डे पडले असतील आणि ते होज बसतो त्या भागात कडेपर्यंत गेले असतील तर ते तोंड बदलणेच बरे. सीलंट थापून क्लिप करकचून आवळणे हा उपाय महिनाभर टिकतो आणि पुढच्या वेळी काढताना जिकिरीचे होते.

नवा होज घेताना

जुन्या होजचे तुकडे, तोंडांची बाहेरची मापे आणि वाकणाचा कागदावर काढलेला आकार घेऊन दुकानात जावे. साताऱ्यात किंवा सांगलीत पद्मिनीचा, अँबॅसडरचा साचेबंद होज मिळेलच असे नाही. तेव्हा पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधावे. साचेबंद म्हणजे मूळ वाकणासह ओतलेला होज. तो न मिळाल्यास सरळ पाइप वाकवून बसवण्याचा मोह होतो, पण तसे केले की वाकणाच्या आतल्या बाजूला घडी पडते आणि पाण्याची वाट निम्मी होते. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या गाडीचा मोठा साचेबंद होज घेऊन त्यातले योग्य वाकण कापून घ्यावे. आतला व्यास तोंडाच्या बाहेरच्या व्यासाशी जुळला पाहिजे. सैल होज क्लिपने आवळून बसवला तर रबराला चुणी पडते आणि चुणीतून पाणी येते.

होजची कापलेली कड उजेडात पाहावी. दोन रबरी थरांमध्ये धाग्यांची वीण दिसली पाहिजे. नुसते एकसंध रबर असेल तर तो होज दाबाखाली फुगतो. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबरही म्हातारे होते, म्हणून वाकवून बाहेरच्या अंगावर बारीक भेगा उमटतात का ते पाहावे. मूळ खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर नव्यातही ती हवी. जुनी गंजलेली स्प्रिंग परत घालू नये. न गंजणाऱ्या पोलादी तारेची त्याच व्यासाची स्प्रिंग एखाद्या स्प्रिंग बनवणाऱ्याकडून करून घ्यावी, टोके आत वळवून बोथट करावीत. एक होज गेला की त्याच वयाचे बाकीचेही बदलावेत असे माझे ठाम मत आहे, आणि बायपास होज असेल तर तो आधी बदलावा, कारण पंप उतरवल्याशिवाय तिथे पुन्हा हात पोहोचत नाही.

बसवणे

होजच्या टोकाला आतून साबणाचे पाणी किंवा थोडे कूलंट लावावे. ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण ते रबर खाते आणि होजला सटकायला वाटही करून देते. क्लिप आधी होजवर ओवून घ्याव्यात, मग होज तोंडावर पुरता चढवावा. तोंडाच्या कडेला जो उठावदार कंगोरा असतो त्याच्या मागे, होजच्या टोकापासून तीन ते पाच मिलिमीटर सोडून क्लिप बसली पाहिजे. कंगोऱ्यावरच क्लिप आवळली तर ती रबर कापते, आणि कंगोऱ्याच्या पुढे आवळली तर दाब येताच होज निसटतो. स्क्रूचे डोके पुढच्या वेळी पेचकस सरळ पोहोचेल अशा दिशेला ठेवावे. रबर क्लिपच्या खाचांतून किंचित वर फुगेल इतपतच आवळावे. क्लिपच्या पट्टीची कड रबरात रुतू लागली तर अर्धा फेरा मागे घ्यावा.

पाणी भरणे आणि हवा काढणे

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातल्या क्षारांचा थर बसून नळ्या तुंबतात. पितळ-तांब्याच्या रेडिएटरला चालते असे लेबलावर लिहिलेले कूलंट घ्यावे. ते तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी मिसळू नये, दाट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. कूलंटचा मोठा उपयोग गंज रोखण्यासाठी आहे. ज्या लाल चिखलाने माझी स्प्रिंग खाल्ली तो साध्या पाण्याचाच प्रताप होता.

शक्य असल्यास गाडीचे नाक चढाकडे करून उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहते. हीटर असल्यास त्याची तोटी उघडावी. कूलंट बारीक धारेने ओतावे आणि मधूनमधून वरचा होज हाताने दाबून सोडावा. बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली जाईल. पातळी स्थिर झाल्यावर झाकण न लावता इंजिन स्लोवर सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली बसते, तेव्हा भरून घ्यावे आणि झाकण लावावे. ‘आपल्याकडे थर्मोस्टॅट कशाला हवा’ असे म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ज्या इंजिनांत बायपासची वाट असते तिथे थर्मोस्टॅट काढल्यावर बरेच पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच परत फिरते आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

झाकण लावल्यावर खालच्या होजची रेस करून घेतलेली परीक्षा पुन्हा घ्यावी आणि मगच रस्त्याला लागावे.

घाटात अडकल्यास

काटा चढू लागला की वळण टाळून, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा रुंद जागी थांबावे. खंबाटकीसारख्या घाटात अवघड वळणावर थांबण्यापेक्षा हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करून व काचा खाली करून शंभर मीटर पुढे जाणे बरे. होज फुटला असेल तर मात्र तिथेच इंजिन बंद करावे. निवल्यावर, फाटलेली जागा टोकाजवळ असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढे टोक कापून होज पुन्हा चढवावा. मध्ये चीर असेल तर जागा कोरडी करून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक अर्धी चढत जाईल अशी गुंडाळावी आणि वर तार किंवा क्लिप बांधावी. मग पाणी हळूहळू, इंजिन स्लोवर ठेवून भरावे. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी एकदम ओतले तर हेड तडकते. अशा वेळी झाकण पहिल्या खाचेवर सैल ठेवले की दाब वाढत नाही आणि पट्टी तग धरते. पण खालचा होज पिचत असेल तर झाकण घट्टच हवे. तिथे ते सैल केले तर होज आणखी चपटा होईल. त्यासाठी वेग कमी आणि इंजिनाचा आवाज खाली ठेवून, दर दोन-तीन किलोमीटरला थांबत गाव गाठावे. माझ्या डिकीत सायकलच्या ट्यूबची गुंडाळी, दोन क्लिपा, पेचकस आणि पाच लिटरचा पाण्याचा डबा कायम असतो.

शेवटचे काम

नवे रबर पहिल्या काही तापण्या-निवण्यांत क्लिपखाली थोडे दबते. म्हणून ऐंशी-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर, सकाळी थंड इंजिनावर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात. पाव ते अर्धा फेरा सहज बसतो. त्याच वेळी पातळी पाहावी. पहिल्या एक-दोन दिवसांत ती बोटभर उतरणे स्वाभाविक आहे, कारण उरलीसुरली हवा निघते; त्यानंतरही उतरत राहिली तर वर्तमानपत्र पुन्हा इंजिनाखाली पसरावे. होज बसवल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. माझ्या गाडीच्या त्या पट्टीवर आता दोन पावसाळ्यांपूर्वीची तारीख आहे, आणि यवतेश्वरच्या त्या वळणावर काटा मधल्या रेघेच्या पुढे जात नाही.